कोरी नळी

रविवार, २४ नोव्हेंबर १९९६

सकाळी सहाला डोंबिवलीच्या रेतीबंदरावर पोचलेले. हरिहर सर येणार होते. सर म्हणजे ठाण्याच्या संस्थेतले माझे गाइड, आपण शब्दाचे पक्के आहोत असा त्यांचा स्वतःबद्दल समज आहे. सात वाजेपर्यंत वाट बघितली. मग बूथवरून फोन केला तर त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "झोपलेत हो, रविवार आहे ना." माझा काय सोमवार होता? कॉलेजातून दोन वर्षांची रजा काढून मी या वयात पीएचडी करतेय, ती रजा तीस जूनला संपते, आणि ओहोटी काही सरांच्या झोपेसाठी थांबत नाही.

शेवटी दामाजीकाकांच्या होडीतून गेले. हे मोठागावचे कोळी, साठी उलटलेली, खाडीत कुठे काय पुरलंय ते यांना पाठ. रेतीवाल्यांनी एका जागी काठ उभा कापून काढलाय. तिथे पुरुषभर खाली काळ्या चिखलाचा हातभर जाड थर उघडा पडलाय आणि त्यात पानंच पानं. दाबून चपटी झालेली, कुजलेली, पण पानं. मागच्या वर्षी लखनौच्या प्रयोगशाळेतून त्या थराचं वय आलं, सहा हजार वर्षं. तेव्हा इथे पाऊस आजच्यापेक्षा जास्त होता म्हणतात. असेल, तर आज फक्त केरळात किंवा थेट सुंदरबनात दिसणारी झाडं तेव्हा इथवर आलेली असणार, आणि पाऊस हटला तशी मागे सरकली असणार. नुसत्या डोळ्यांनी या पानांचं झाड ओळखता येत नाही. पण आत डीएनएचे तुकडे उरले असतील तर ते वाचता येतील. परदेशात हे चाललंय. आपल्याकडे या खाडीत कोणी केलेलं नाही, ते मी करणार आहे.

कापायला बसते तर दगडाबाई, म्हणजे काकांची बायको, म्हणे थांब. "बाय, खाडीच्या पोटातला काडतंस, पयला नारल तिला." ओहोटीची जेमतेम चाळीस मिनिटं उरलेली आणि यांचं हळदकुंकू चाललंय. मी दातओठ खात उभी. नारळ वाढवून झाला आणि खोबऱ्याची अख्खी वाटी माझ्या हातात दिली. हातमोजे काढूनच घ्यावी लागली. प्रसाद चिखलात ठेवता येत नाही आणि टाकता तर येतच नाही. म्हातारीला बरं वाटावं म्हणून एक तुकडा दाताने तोडून खाल्ला, उरलेली वाटी हाताशी होती त्या पिशवीत सारली आणि कामाला लागले. चिखलाच्या सहा लाद्या निघाल्या. पाणी गुडघ्याला लागेपर्यंत कापत होते.

घरी आले तर श्रीपाद पेपर वाचत बसलेला. म्हणे, "मिळाली का तुझी पानं? आता त्यांचं सूप करणार का?" नवरा म्हणून ठीक आहे, पण रविवारी दुपारी उपाशीपोटी मला असले विनोद चालत नाहीत, आणि तसं मी त्याला सांगितलं.

बुधवार, १८ डिसेंबर

मंदाकिनीबाईंनी आज डोकं उठवलं. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ, पन्नाशीच्या, शहाडहून येतात. अकरा वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर आहेत. कायम करण्याची त्यांची फाइल मार्चअखेर वर जायची आहे, सरांच्या शेऱ्यासकट. म्हणून की काय कोण जाणे, पण कामाचा वेग असा की बघणाऱ्याला झोप यावी. टेबल तीनदा पुसायचं. मग मोजे बदलायचे. मग पुन्हा पुसायचं.

आणि दर खेपेला ती एक नळी कोरी. बाकीच्या नळ्यांत घालतात ते सगळं तिच्यात घालायचं, फक्त माझा चिखल नाही. शेवटी तिच्यात काही सापडलं तर समजायचं की प्रयोगशाळेतून घाण शिरली. कोरी राहिली तर इथलं काम स्वच्छ. तत्त्व मला ठाऊक आहे, मी एफवायला शिकवते ते. पण सहा लाद्यांसाठी सहा वेळा? मी म्हटलं, "बाई, एकदा केलंत तर चालणार नाही का?" तर म्हणाल्या, "चालेल. पण मग मला रात्री झोप लागणार नाही."

जेवायला व्हरांड्यात बोलावलं. त्या आत पाणीसुद्धा पीत नाहीत. वालाचं बिरडं आणलेलं, वर ओलं खोबरं पेरून. चव फार छान होती, हे लिहायला हवं. राग असला तरी.

गुरुवार, ९ जानेवारी १९९७

आला. पाचव्या लादीतून डीएनए आला. यंत्राने एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढल्या आणि काळ्या पटावर त्याची पट्टी उजळली. शेजारच्या कोऱ्या नळीच्या रकान्यात काहीही नाही, नुसता अंधार.

सर धावत आले. गेले दोन महिने माझं नाव विसरलेला माणूस "उत्तरा, उत्तरा" करत होता. मी हसले नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

डीएनएची अक्षरं वाचून आली, एकशे साठ. ती आजच्या झाडांच्या अक्षरांशी ताडून पाहिली. माडाचं कुळ निघालं.

सुंदरबनात दलदलीत एक बुटका माड उगवतो, खोड चिखलात, वर नुसत्या झावळ्या. पश्चिम किनाऱ्यावर आज तो कुठेच नाही. मला आतून माहीत आहे की हा तोच. सहा हजार वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या खाडीत तो होता. हे वाक्य मी कितीतरी वेळा म्हणून पाहिलं. एकशे साठ अक्षरं कुळापर्यंतच नेतात, पुढे नेत नाहीत, हे कळतं मला. पण मग दुसरं कोण असणार दलदलीत?

मंदाकिनीबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, आपला साधा नारळाचा माड तर नाही ना?" माझ्या आनंदात पाणी घालायला यांना हाच मुहूर्त सापडला. मी म्हटलं, "तुम्ही नळ्या धुवा." जरा जोरात म्हटलं गेलं. त्या गेल्या धुवायला.

सर शोधनिबंधाचा मसुदा घेऊन गेले. त्यावर पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. रविवारी झोपा काढणाऱ्याचं पहिलं. मी जळफळत घरी आले. श्रीपाद म्हणाला, "तू आज आनंदात असायला हवी होतीस." मी आनंदातच होते, ते त्याला दिसलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

पडताळणीसाठी दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेला नमुन्याचा वाटा पाठवलेला. तिकडून फॅक्स आला. चार ओळींत त्यांनी माझी दोन वर्षं उडवली.

नारळ. एका अक्षराचाही फरक नाही. मी सरांना म्हटलं, "मग सहा हजार वर्षांपूर्वीचा नारळ असेल, तेही नवीनच आहे." सरांनी फॅक्सची शेवटची ओळ दाखवली. त्यांना दोन हजार अक्षरांचा सलग धागा मिळालाय. सहा हजार वर्षं चिखलात पडलेल्या पानात धागा तुटून तुटून भुगा झालेला असतो, दीडदोनशे अक्षरं मिळाली तरी नशीब. दोन हजार सलग म्हणजे ताजा नारळ. कोणीतरी खाल्लेला, किसलेला, परवाचा.

तळपायाची आग मस्तकात गेली. रात्री जेवले नाही. पानात नारळाची चटणी होती.

शनिवार, ८ मार्च

आज महिला दिन. सकाळी संस्थेने सगळ्या बायकांना एकेक गुलाब दिला. अकराला शनिवारची बैठक, संस्थेतली सगळी तीस-बत्तीस माणसं.

सरांनी विचारलं, ही घाण कुठून आली. मी उभी राहिले. म्हटलं, विचारायला कशाला हवं, रोज डब्यात खोबरं कोण आणतं? बिरड्यावर खोबरं, भाजीत खोबरं, आमटीत खोबरं. त्याच हातांनी माझ्या नळ्या हाताळल्या जातात. मी दोन वर्षं चिखलात गुडघ्यापर्यंत उभी राहिले ते कोणाच्या बिरड्यासाठी? आणखीही बोलले. अकरा वर्षांत टेबल पुसण्यापलीकडे काय शिकलात, असंही बोलले.

मंदाकिनीबाईंच्या हातात तो गुलाब तसाच होता. एवढंच म्हणाल्या, "कोरी नळी कोरीच निघाली, सर. सहाही वेळा." सर म्हणाले, "ते बघू." मी म्हटलं, कोरी नळी म्हणजे काय देवाचा कौल आहे का?

बोलून झाल्यावर बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

मंगळवार, १ एप्रिल

सरांनी बोलावून पत्र दिलं. कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे काम वाया गेलं, हे कारण देऊन त्यांनी मला डिसेंबरपर्यंत मुदतवाढ मिळवून दिली. माझ्या कॉलेजनेही त्यावर रजा वाढवली.

जाताजाता म्हणाले, मंदाकिनीबाईंच्या फाइलवर प्रतिकूल शेरा गेला. "माझा नाइलाज झाला, तू भर बैठकीत बोललीस." म्हणजे ते खापरही माझ्या माथी. चूक एकीची, शेरा दुसऱ्याचा आणि वाईट मी.

बाई नेहमीसारख्या टेबल पुसत होत्या. मला "नमस्कार बाई" म्हणाल्या. मला नमस्कार नको होता. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, मलाही उत्तर देता आलं असतं.

रविवार, ६ एप्रिल

हे लिहायलाच हवं.

उद्या अमावास्या, आज ओहोटी मोठी होती. नव्या लाद्या कापायला दामाजीकाकांबरोबर गेले. यावेळी सगळं उकळलेलं, मोज्यांचे तीन जोड, पिशव्या सीलबंद. दगडाबाईंनी पुन्हा नारळ काढला. मी हात मागे घेतले आणि म्हटलं, काकी, आज नको, आज माझ्या हाताला काही लागायला नको.

त्या म्हणाल्या, "बरा झाला. मागल्या खेपेला तू परसाद चिखलाच्याच पिशवीत टाकलास. मना बरा नाय वाटला. पन तू रागात होतीस, म्हनून मी काय बोलले नाय."

मी म्हटलं, कोणत्या चिखलाच्या पिशवीत? त्या म्हणाल्या, "त्याच. ज्यात त्या वड्या भरल्यास." दामाजीकाका होडीतून म्हणाले, "होय, मी पन बघितला. मना वाटला तुझा काय शास्त्र आसल."

मी काठावर बसले. चिखलात, साडीसकट. माझ्या कामाच्या वहीत त्या दिवसाची वेळ आहे, खोली आहे, पाण्याचा खारटपणा आहे. नारळ नाही. नारळ कोण लिहितं कामाच्या वहीत? पूजेतलं खोबरं म्हणजे खोबरं, नमुन्यात शिरणारी वस्तू आहे हे डोक्यातच आलं नाही. घरी येऊन ही वही काढली आणि चोवीस नोव्हेंबरचं पान उघडलं. सगळं आहे. मोजे काढले हे आहे, दाताने तोडलं हे आहे, हाताशी होती त्या पिशवीत सारलं हेही आहे. माझ्याच अक्षरात, साडेचार महिने इथेच, उशाशी. त्यानंतर लाद्याही त्याच हातांनी उचलल्या असणार. वाटी लाद्या काढताना बाजूला काढून टाकली असणार, ते आठवतही नाही.

कोरी नळी कोरीच निघाली. म्हणजे घाण प्रयोगशाळेत शिरलीच नव्हती. ती माझ्याबरोबर आत आली होती. त्या बाईने सहा वेळा हेच सिद्ध करून माझ्यासमोर ठेवलं आणि मी तिला नळ्या धुवायला पाठवलं.

श्रीपादला सांगितलं. त्याने पेपर खाली ठेवला. मग म्हणाला, "चिडू नकोस, पण तुझं सगळ्यात मोठ्याने बोलणं नेहमी चुकीच्या माणसाशी असतं." मी चिडले नाही.

नव्या लाद्या कापल्याच नाहीत. पिशव्या तशाच काठावर राहिल्या, भरतीत गेल्या असतील.

सोमवार, ७ एप्रिल

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

म्हणाले, "उत्तरा, हे तुला, मला आणि त्या कोळणीला माहीत आहे. तिथेच राहू दे." मी म्हटलं, मंदाकिनीबाईंचा शेरा? ते म्हणाले, वर गेलेली फाइल खाली येत नसते, पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, तुम्ही पत्र लिहा. तेव्हा मात्र आवाज बदलला. "तुझी मुदतवाढ कर्मचाऱ्याच्या चुकीवर मिळाली आहे. चूक तुझी ठरली तर मुदतवाढ नाही. जूनमध्ये परत एफवायच्या वर्गात जा आणि बेडूक कापायला लाव."

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. दोन वर्षांत या माणसाला तेवढंही कळलेलं नाही.

मी रागाने बाहेर आले, पण तो राग जिन्यातच संपला. कारण तिथे मी ठरवून टाकलं की बाईंच्या घरी जाऊन माफी मागायची. म्हणजे बाईंचंही झालं आणि डिसेंबरही राहिला. किती पटकन ठरवलं ते बघून आत्ता लिहिताना लाज वाटतेय.

बुधवार, ९ एप्रिल

शहाडला गेले. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत दोन खोल्या. मंदाकिनीबाई तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, खुर्ची दिली. मी एका दमात सगळं सांगितलं. नारळ, पिशवी, कोरी नळी. म्हटलं, बाई, माझं चुकलं, मला माफ करा. रडले मी. वाटलं त्याही रडतील.

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "माझ्या डब्यावरून बोललात ना, ते मी सोडलं. शेरा गेला, तोही सोसेन, अकरा वर्षांत हे तिसऱ्यांदा आहे. पण बाई, तुम्ही मला बोललात ती बत्तीस माणसांसमोर. आणि माफी मागायला शहाडला आलात."

मी म्हटलं, बाई, माझी मुदतवाढ जाईल.

"जाईल," त्या म्हणाल्या. "मी नको म्हणते का? तुमचं तुम्ही बघा. पण मग ही माफी तुम्ही घरी घेऊन जा. मला तिचं काय करायचंय?"

एवढं बोलून त्या तांदूळ निवडायला बसल्या. आवाज एकदाही चढला नाही. मी चढवते तसा चढवला असता तर मला भांडता आलं असतं. चहा केला होता. तो प्यावा लागला, गरम होता, लवकर संपेना.

शुक्रवार, ११ एप्रिल

दोन दिवस सगळ्यांवर चिडून पाहिलं. सरांवर, श्रीपादवर, दगडाबाईंवरसुद्धा, की तेव्हाच का नाही बोलल्या. काय बोलणार होत्या बिचाऱ्या? त्यांच्या पूजेवर दातओठ खाणारी मी, माझ्या चिखलाबद्दल ऐकून घेतलं असतं का?

एकावरही राग टिकला नाही. स्वतःवरचा तेवढा आहे, पण त्याला बोलता येत नाही.

डिसेंबरपर्यंत मुदत राहिली तर ते पान वाचता येईल. नक्की येईल. ते झाड कुठलं होतं, कुठून आलं, कुठे गेलं, हे मला मरायच्या आधी कळायला हवंय. याच्याएवढं मला आयुष्यात दुसरं काही हवं झालेलं नाही. लिहून ठेवते, म्हणजे उद्या काय सोडतेय ते कळेल.

शनिवार, १२ एप्रिल

बैठक अकराला. सर परिषदेच्या तारखा सांगत होते. मी मध्येच उभी राहिले. सर म्हणाले, "उत्तरा, नंतर." मी म्हटलं, नाही, आत्ता.

सगळं सांगितलं. त्या दिवशी जेवढ्या आवाजात बोललेले तेवढ्याच आवाजात. प्रसाद खाल्ला, मोजे काढलेले, वाटी नमुन्याच्या पिशवीत टाकली, आणि आळ बाईंवर घेतला. अकरा वर्षांत काय शिकलात असं विचारलं होतं, त्याचं उत्तर सहा कोऱ्या नळ्यांत होतं, मला वाचता आलं नाही. कोणीतरी मागे खोकलं. एक-दोघं हसले, नारळावर. हसू दे.

सर म्हणाले, "ठीक आहे, भावना पोचल्या. बैठकीच्या वृत्तांतात घ्यायची गरज नाही." मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, परिणाम माहीत आहेत ना? मी म्हटलं, तीस जून. वृत्तांताचं रजिस्टर त्यांच्यासमोर होतं. ते देईनात. मी हात लांब करून घेतलं, अक्षरशः ओढून घेतलं, आणि उभ्याउभ्याच लिहिलं की नमुना माझ्या हातून खराब झाला, प्रयोगशाळेत नाही, आणि श्रीमती मंदाकिनी यांच्या कामात कोणताही दोष नव्हता व नाही. खाली सही केली.

मंदाकिनीबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. रजिस्टर आणि पेन त्यांच्यापुढे नेऊन धरलं. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, पदराने पुसला, लावला. त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं, मग परत पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या, आणि पेन माझ्याकडे दिलं.